आहात का? आहे, आहे!

तीस वर्षं मी अकरावी-बारावीला तर्कशास्त्र शिकवलं. या विषयाला मुलं येतात ती बहुतेक मार्क सुटतात म्हणून, हे मला ठाऊक होतं आणि त्याबद्दल माझी तक्रारही नव्हती. पण दर वर्षी एखादं पोर असं निघायचंच, की तास संपला तरी टेबलापाशी घुटमळायचं. "बाई, पण विधान खरं आहे म्हणजे नेमकं काय आहे?" अशाच पाच घुटमळणाऱ्यांनी २०२० च्या मे महिन्यात मला फोनवर गाठलं. एक न्यू जर्सीत, एक लंडनला, दोघं पुण्यात, एक बंगळुरूला, सगळे घरात कोंडलेले. "बाई, काहीतरी वाचू या ना एकत्र." मला निवृत्त होऊन दोन वर्षं झाली होती आणि नाशिकच्या फ्लॅटमध्ये भिंती खायला उठत होत्या. झूम कसं लावायचं ते पुतण्याने शिकवलं आणि एका रविवारी रात्री साडेनऊला आम्ही सतराव्या शतकातला फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्त वाचायला बसलो.

साडेनऊ अशासाठी, की तेव्हा न्यू जर्सीत दुपारचे बारा आणि लंडनला संध्याकाळचे पाच वाजलेले असतात. सगळ्यांच्या सोयीची वेळ. 'सगळे' म्हणजे आम्ही सहा जण, हे तेव्हा लक्षात यायचं काही कारण नव्हतं.

मग माणसं वाढत गेली. लंडनच्या मुलीने हॉस्पिटलमधली नर्स मैत्रीण आणली, मूळची घानाची. न्यू जर्सीवाल्याच्या ओळखीने नैरोबीच्या एक बाई आल्या, हिशेब तपासनिसाच्या फर्ममध्ये काम करणाऱ्या. बंगळुरूच्या मुलाने मनिलाचे एक निवृत्त शाळामास्तर गाठून दिले. साओ पावलोची एक वकीलबाई, हॅम्बुर्गचे एक म्हातारे इंजिनिअर, आणि एका नामांकित विद्यापीठातले एक प्राध्यापक. मी खूश. जिन्यात शेजारीण भेटली की सांगायचे, आमच्याकडे सात देशांची माणसं असतात म्हणून.

बंगळुरूचा मुलगा आकड्यांतला. त्याने एका रविवारी गुपचूप घड्याळ लावलं आणि दुसऱ्या दिवशी मला कागद पाठवला. दोन तासांपैकी ऐंशी मिनिटं तिघेच बोलले होते: मी, न्यू जर्सीवाला आणि ते प्राध्यापक. खाली त्याने एक ओळ लिहिली होती, 'मनिलाचे सर चार महिन्यांत फक्त गुड नाइट म्हणालेत, बाई.' मला आधी रागच आला. मग मनिलात किती वाजत असतील याचा हिशेब केला. आमच्या साडेनऊला तिथे रात्रीचे बारा. आम्ही 'चला, आज छान झालं' म्हणत उठायचो तेव्हा त्यांच्याकडे दोन. सत्तरीचा माणूस चार महिने मध्यरात्री बसून आमचं ऐकत होता आणि आम्ही समजत होतो, शांत स्वभावाचे आहेत.

आता सुधारायचं म्हटल्यावर मी जे पहिलं केलं ते सांगायला लाज वाटते. थाळी वाढली. एक महिना जपान, एक महिना लॅटिन अमेरिका, आणि फेब्रुवारीत आफ्रिका, अख्खा खंड चार रविवारांत. नैरोबीच्या बाईंना मी फार प्रेमाने सांगितलं, तुम्ही आम्हाला आफ्रिकेचं तत्त्वज्ञान समजावून सांगा. त्यांनी समजावलं. जॉन म्बिटी या केनियन अभ्यासकाचं १९६९ सालचं ते प्रसिद्ध वाक्य वाचलं, आम्ही आहोत म्हणून मी आहे अशा अर्थाचं. सगळ्यांनी वा वा केलं. आमच्या पुण्याच्या मुलाने लगेच त्याला 'हे विश्वचि माझे घर' जोडून टाकलं, सगळे हसले आणि विषय संपला.

महिनाअखेर त्यांचा मला एकटीला निरोप आला. इंग्रजीत होता, मी माझ्या शब्दांत सांगते: मी एम. ए. ला कांट हा जर्मन तत्त्वज्ञ केला आहे. तुमच्याकडे येऊन वर्ष झालं. कांटबद्दल मला अजून कोणी एक प्रश्न विचारलेला नाही.

तो वाचून मी बराच वेळ गप्प बसले. देकार्तवर बोलणारे आम्ही 'तत्त्वज्ञान' बोलत होतो, आणि त्या 'आफ्रिका' बोलत होत्या. पाहुण्यांना आपण ओसरीवर बसवतो, चहा देतो, गावाकडचं विचारतो. घरातला वाद मात्र माजघरात चालतो. तसंच झालं होतं.

थाळी बंद केली. देकार्तकडेच परत गेलो, पण वेळ मोडली. एक रविवार संध्याकाळी साडेसातला, एक रविवार सकाळी साडेसातला. संध्याकाळी मनिलात रात्रीचे दहा, नैरोबीत पाच, साओ पावलोत सकाळचे अकरा. सकाळच्या पाळीला मनिलात निवांत दहा, पण नैरोबीत पहाटेचे पाच आणि लंडनला मध्यरात्रीनंतरचे दोन-तीन. सगळ्यांना सोयीची वेळ पृथ्वीवर नाहीच. गैरसोय तेवढी पाळीपाळीने घेता येते. लंडनची नर्स सकाळच्या पाळीला नाइट ड्यूटीच्या मधल्या सुट्टीत, हातात सँडविच घेऊन यायला लागली. (मार्चमध्ये अमेरिकेची घड्याळं आधी पुढे सरकतात आणि युरोपची दोन-तीन आठवड्यांनी. त्या मधल्या दिवसांत दर वर्षी कोणी ना कोणी एक तास आधी येऊन रिकाम्या पडद्याकडे बघत बसतं. गेल्या वर्षी ती मी होते.)

प्राध्यापकांना हे रुचलं नाही. वेळेचं त्यांनी कारण दिलं, पण खरं दुखणं पुढच्या नियमाचं होतं. त्या नियमाकडे येते, पण आधी वीज गेली ते सांगायला हवं.

२०२२ च्या पावसाळ्यातली गोष्ट. देकार्तच्या 'चिंतने' या पुस्तकाच्या दुसऱ्या प्रकरणातलं ते कळीचं वाक्य चाललं होतं. आपण सगळे ज्याला 'मी विचार करतो म्हणून मी आहे' म्हणून ओळखतो, ते देकार्तने १६३७ मध्ये फ्रेंचमध्ये लिहिलं. स्वतःच्या भाषेत, पंडितांच्या लॅटिनमध्ये नव्हे. १६४१ मध्ये 'चिंतने' लॅटिनमध्ये लिहिली, तिथे वाक्य या रूपात नाहीच. तिथे तो म्हणतो, 'मी आहे, मी अस्तित्वात आहे' हे मी जेव्हा जेव्हा उच्चारतो किंवा मनात आणतो तेव्हा तेव्हा खरंच असतं. मी हे रंगात येऊन सांगत होते आणि आमच्या सोसायटीचा ट्रान्सफॉर्मर उडाला. वाय-फाय गेलं. मोबाइलवरून धडपडत परत आले तर पडदा काळा, आवाज तुटक, आणि त्यातून नैरोबीच्या बाई विचारत होत्या, "उपो? उपो?"

मी म्हटलं, "काय?"

त्या हसल्या. स्वाहिलीत फोन लागेनासा झाला की असं विचारतात, म्हणाल्या. उपो, म्हणजे आहेस का तिथे? आणि उत्तर द्यायचं, नीपो. आहे. मग क्षणभर थांबून म्हणाल्या, देकार्तचं वाक्य स्वाहिलीत करायचं तर हेच क्रियापद येतं. 'निनाफिकिरी, क्वा हियो नीपो.' मी विचार करते, म्हणून मी इथे आहे. त्यातला 'पो' जागा दाखवतो. जागेशिवाय नुसतं 'असणं' म्हणायला गेलं की तोंडात खडा आल्यासारखं वाटतं.

वर्षभरात पहिल्यांदा त्या 'आफ्रिका' न बोलता देकार्तवर बोलल्या होत्या. आणि बोलल्या ते आमच्यापैकी कोणालाच सुचलं नसतं.

नर्सने लगेच माइक चालू केला. अकानमध्ये, म्हणजे तिच्या घानातल्या भाषेतही तसंच, म्हणाली. 'वॉ हॉ', तिथे असणं. तिला हे शाळेपासून माहीत होतं, पण हा तत्त्वज्ञानातला मुद्दा असू शकतो असं वाटलं नव्हतं. तो मुद्दा आहे हे तिच्याच देशाचे तत्त्वज्ञ क्वासी विरेडू यांनी मांडलं आहे. कुमासीला जन्म, ऑक्सफर्डला गिल्बर्ट राइल यांच्याकडे शिक्षण, मग अनेक वर्षं घानाच्या विद्यापीठात अध्यापन. २०२२ च्याच जानेवारीत ते गेले. त्यांचं म्हणणं साधं होतं. परक्या भाषेतून शिकलेला तत्त्वज्ञानाचा प्रश्न एकदा आपल्या भाषेत उभा करून बघा. काही प्रश्न तिथेही ताठ उभे राहतात. काही कोसळतात, आणि मग कळतं की तो माणसाच्या बुद्धीचा प्रश्न नव्हता, एका भाषेच्या व्याकरणाचा होता. 'असणं' म्हणजे 'तिथे असणं' असेल तर देह, जागा, जग सगळं संशयाने पुसून टाकल्यावर उरणारा देकार्तचा 'मी' अकानमध्ये उभा कुठे राहणार?

पुढच्या रविवारी प्रत्येकाने ते वाक्य आपल्या भाषेत आणायचं ठरलं. आमच्या सगळ्या उद्योगातली सर्वांत चांगली संध्याकाळ तीच. दोन तासांचे साडेतीन झाले.

मनिलाचे मास्तर त्या दिवशी पंचवीस मिनिटं बोलले. टागालोगमध्ये 'असणे' असं जोडणारं क्रियापदच नाही. 'मी शिक्षक आहे' म्हणताना 'शिक्षक मी' एवढंच पुरतं. नुसतं 'मी आहे' म्हणायला त्यांना एक जड, पुस्तकी शब्द आणावा लागला. मास्तर म्हणाले, हा शब्द मी बायकोसमोर आयुष्यात कधी वापरलेला नाही. वकीलबाईंनी पोर्तुगीजमधली दोन 'असणी' समजावली, एक कायमचं आणि एक तात्पुरतं. देकार्तच्या त्या वाक्याच्या रूढ भाषांतरात यातलं एकही घेत नाहीत, 'अस्तित्वात आहे' असा तिसराच शब्द घालतात, त्यामुळे भांडण टळतं. हॅम्बुर्गच्या आजोबांनी लिख्टेनबेर्गची आठवण काढली. अठराव्या शतकातला हा भौतिकशास्त्रज्ञ म्हणायचा, 'मी विचार करतो' म्हणू नका, वीज चमकते म्हणतो तसं 'विचार होतो' म्हणा.

आणि मग माझी पाळी. 'मी विचार करतो, म्हणून मी आहे' हे मी तीस वर्षं फळ्यावर लिहिलं होतं. त्या दिवशी मोठ्याने म्हटलं आणि माझंच मला खोटं वाटलं. असं बोलतं कोण? विचार 'करतात' ते लग्न ठरवताना नाहीतर फ्लॅट घेताना. एरवी आपण म्हणतो, मला वाटतं. मला सुचतं. माझ्या मनात येतं. माझ्या माहेरी, अमळनेरला, अहिराणीत म्हणतात, माले वाटस. यात 'मी' काही करतच नाही. वाटणारं येतं आणि 'मला' येऊन पोचतं, पत्त्यावर टपाल यावं तसं. मी हे इंग्रजीत कसंबसं सांगितलं तर नर्स म्हणाली, म्हणजे मराठीत तुम्हीसुद्धा एक जागाच आहात की!

मी थक्क झाले. लिख्टेनबेर्गला जे नवीन म्हणून सांगावं लागलं, ते आमच्या दारची भाजीवाली रोज बोलते.

पण सगळं आपल्याच बाजूने पडत नाही. बंगळुरूच्या मुलाने विचारलं, "बाई, 'आहे' की 'असतो'?" जेव्हा जेव्हा मनात आणतो तेव्हा तेव्हा, असं देकार्त म्हणत असेल तर मराठीत 'मी असतो' यायला हवं. म्हणजे विचार थांबला की? गाढ झोपेत? देकार्तने हा प्रश्न स्वतःच विचारला आहे. विचार करायचा पूर्ण थांबलो तर कदाचित असायचाही थांबेन, असं तो म्हणतो. इंग्रजीत इतकी वर्षं हे मी वाचलं होतं, पण टोचलं ते 'असतो' या शब्दाने. वाक्य कोसळलं नाही. उलट जास्त ताठ उभं राहिलं. एवढ्यात नैरोबीच्या बाई म्हणाल्या, तुम्ही सारखं 'फिकीर' का म्हणता आहात? आमच्या पुण्याच्या मुलाने 'निनाफिकिरी'वर मराठीत कोटी केली होती. दोन्हीकडे शब्द अरबीतून गेलेला. तिकडे जाऊन त्याचा 'विचार' झाला आणि आपल्याकडे येऊन 'काळजी'. मला फिकीर आहे, म्हणून मी आहे. वकीलबाई म्हणाल्या, हे मात्र कुठल्याही भाषेत खरं.

आता तो नियम. आपल्याकडे न्यायसूत्रांत, म्हणजे तर्कशास्त्राच्या जुन्या संस्कृत ग्रंथात, चर्चेच्या तीन जाती सांगितल्या आहेत. वाद म्हणजे तत्त्व कळावं म्हणून केलेला, जल्प म्हणजे जिंकण्यासाठी केलेला, आणि वितंडा म्हणजे स्वतःची बाजूच न मांडता समोरच्याचं नुसतं पाडणं. हे मी वर्गात सांगायचे, परीक्षेत यायचं नाही म्हणून मुलं लिहून घ्यायची नाहीत. आम्ही त्यातून एकच गोष्ट उचलली, पूर्वपक्ष. कोणाचं खोडायचं असेल तर आधी त्याचं म्हणणं आपल्या तोंडाने मांडायचं, आणि ज्याचं आहे त्याने 'हो, हेच म्हणतोय मी' असं म्हटल्याशिवाय पुढे सरकायचं नाही.

कागदावर सोपं आहे. पहिल्या दिवशी मीच चार वेळा नापास झाले. मास्तरांचं म्हणणं मी मांडायचे आणि ते अतिशय नम्रपणे म्हणायचे, जवळपास. पाचव्या वेळी मला कळलं की मी त्यांचं ऐकतच नव्हते, माझ्या उत्तराला सोयीचं तेवढं उचलत होते. प्राध्यापक दोन रविवार थांबले. तिसऱ्या रविवारी म्हणाले, एवढ्या वेळात मी एक प्रकरण शिकवून संपवतो. खरंच होतं ते. नंतर ते आले नाहीत. त्यांची उणीव आजही भासते. मूळ लॅटिन वाचणारे तेवढे एकटेच होते आमच्यात. त्यांच्या पाठोपाठ आणखी तिघं गेली.

हे सगळं आम्ही शोधून काढलं अशा तोऱ्यात मी होते. मग पुण्याच्या मुलीने एक जाडं पुस्तक स्कॅन करून पाठवलं. १९८३ मध्ये पुण्यातच दया कृष्ण, आपले मे. पुं. रेगे वगैरे तत्त्वज्ञ मंडळींनी न्यायशास्त्राचे पारंपरिक पंडित आणि इंग्रजीतून तत्त्वज्ञान शिकलेले प्राध्यापक यांना समोरासमोर बसवलं होतं. विषय होता बर्ट्रंड रसेल या इंग्रज तत्त्वज्ञाची विधानाची कल्पना. बोलणं पंडितांच्या भाषेत, संस्कृतात. तुमची परंपरा काय सांगते ते सांगा, असं त्यांना विचारलेलं नव्हतं. रसेलचं हे म्हणणं तुम्हाला पटतं का, असं विचारलं होतं. 'संवाद' या नावाने ते पुढे १९९१ मध्ये छापून आलं. नैरोबीच्या बाईंना मी काय विचारायला हवं होतं, ते माझ्या घरापासून चार-पाच तासांवर, मी नोकरीला लागायच्याही आधी होऊन गेलं होतं.

आणि त्याहून जुनं तर माझ्या माहेरीच. अमळनेरला प्रताप शेठजींनी १९१६ मध्ये तत्त्वज्ञान मंदिर काढलं. खानदेशातल्या त्या आडगावी बंगालहून तत्त्वज्ञ कृष्णचंद्र भट्टाचार्य येऊन राहिले. विचारांतलं स्वराज्य ही त्यांची कल्पना. परक्या कल्पना आपल्या मनाने न तपासता तशाच अंगावर चढवल्या की गुलामी कळतही नाही, असं काहीसं त्यांचं म्हणणं. मी लहानपणी त्या इमारतीवरून कितीदा गेले असेन. आम्हा पोरींना तेव्हा ते एक बंद फाटक होतं.

एक गोष्ट मात्र अजून सुटलेली नाही. आमचं सगळं चालतं ते शेवटी इंग्रजीतच. जगभरची माणसं म्हणजे जगभरची इंग्रजी येणारी माणसं. माझ्या थोरल्या जाऊबाई हिवाळ्यात दोन महिने माझ्याकडे असतात. शिक्षण सातवी, ज्ञानेश्वरी रोजच्या वाचनातली, आणि शंका काढण्यात माझ्या कुठल्याही विद्यार्थ्याला ऐकणार नाहीत. त्या रविवारी शेजारी गवार मोडत बसतात. मी मध्येमध्ये आवाज बंद करून त्यांना सांगते, काय चाललंय ते.

गेल्या महिन्यात मेणाचा तुकडा चालला होता. देकार्त पोळ्यातून नुकतं काढलेलं मेण घेतो. त्याला मधाची चव, फुलांचा वास, हाताला गार, टिचकी मारली तर आवाज. विस्तवाजवळ नेलं की चव गेली, वास गेला, आकार गेला, आवाज गेला. तरी मेण तेच, असं सगळे म्हणतात. मग 'तेच' हे कशाने कळलं? डोळ्यांनी नाही, हातांनी नाही, बुद्धीने, असं त्याचं उत्तर. सगळ्यांनी आपापल्या घरातलं वितळणारं काहीतरी घेऊन बसायचं ठरलं होतं. नर्सकडे शिया नावाच्या आफ्रिकन झाडाच्या बियांचं लोणी, माझ्याकडे थिजलेल्या साजूक तुपाची वाटी. मी ती गॅसवर धरून दाखवली. रवाळ होतं ते पातळ झालं, पांढरं होतं ते सोनेरी. वास तर गेला नाहीच, उलट घरभर सुटला. तरी तूप ते तूपच.

जाऊबाईंना मराठीत सांगितलं. त्यांनी गवारीची शेंग हातातच धरली.

"अगं, पण लोणी कढवलं की?"

"काय?"

"लोणी विस्तवावर ठेवलं की तूप होतं. तेव्हा नाही म्हणत कोणी, लोणी तेच आहे म्हणून. तुझ्या त्या बाबाला विचार, तूप वितळलं तर तेच आणि लोणी वितळलं तर दुसरं, हे कोणी ठरवलं?"

मी माइक चालू केला आणि म्हटलं, माझ्या जाऊबाईंचा एक प्रश्न आहे. पूर्वपक्ष मांडायला हॅम्बुर्गच्या आजोबांनी हात वर केला. त्यांनी मांडला, मी मराठीत केला, जाऊबाईंनी मान हलवली. "नाही. बेरीचं राहिलं की त्यांचं." बेरी म्हणजे काय ते जर्मनीत कोणाला माहीत नव्हतं. स्वयंपाकघरात जाऊन कढईच्या तळाची खरवड आणून कॅमेऱ्यासमोर धरावी लागली.